नवशिक्यांनी आखलेले चिन्ह : स्वराज्याच्या झेंड्याची जडणघडण, १९०७ ते १९४७

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची किंवा रक्तदान शिबिराची पोस्ट बनवायचे काम बहुधा ज्याच्या मोबाइलमध्ये कॅनव्हा आहे त्याच्या गळ्यात पडते. चित्रकलेचे शिक्षण नसते, हौस असते. मग एकाच चौकटीत संस्थेचे बोधचिन्ह, पाहुण्यांचे फोटो, चार रंग, फुलांची नक्षी आणि दहा ओळींचा मजकूर येतो. बघणाऱ्याचा अंगठा मात्र पुढे सरकतो. दुरून, क्षणभरात आणि वाचता न येणाऱ्यालाही ओळखता येईल असे चिन्ह कसे करावे, हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीपुढेही होता. तेथेही तो सोडवायला बसलेली बहुतेक माणसे व्यवसायाने चित्रकार नव्हती. म्हणून झेंड्याचा इतिहास या पाठात आपण देशभक्तीची कथा म्हणून न पाहता आखणीचा इतिहास म्हणून पाहू.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा झेंडा फडकवला. पुढे तो भारतात आला आणि पुण्याच्या केसरीवाड्यात जतन झाला. त्यात तीन रंगांचे पट्टे आहेत; वरच्या पट्ट्यात आठ कमळे, मधल्यात देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खालच्यात सूर्य आणि चंद्रकोर. परिषदेत हातात धरून दाखवायला तो प्रभावी होता. पण वाऱ्यावर फडफडताना त्यावरची अक्षरे कोण वाचणार? आणि गावातल्या शिंप्याने तसा दुसरा झेंडा शिवायचा तर आठ कमळे कशी काढायची? १९१७ साली होमरूल चळवळीत ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळकांनी वापरलेल्या झेंड्यात तर गर्दी आणखी वाढली. लाल-हिरवे मिळून नऊ पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, चंद्रकोर व तारा, शिवाय एका कोपऱ्यात युनियन जॅक. साम्राज्यांतर्गत स्वराज्याची मागणी त्या कोपऱ्यातून नेमकी व्यक्त होत होती हे खरे. पण जे जे म्हणायचे ते सगळे एकाच कापडावर मांडण्याचा नवशिक्याचा मोह इथे स्पष्ट दिसतो.

मच्छलीपट्टणमजवळचे पिंगली वेंकय्या हे शेतीचे आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९१६ मध्ये राष्ट्रध्वजावर एक पुस्तिका काढली आणि तीत सुमारे तीस आराखडे दिले. गांधीजींनी १३ एप्रिल १९२१ च्या ‘यंग इंडिया’त त्यांच्या चिकाटीचे कौतुक केले, पण त्या आराखड्यांत देशाला हलवून सोडेल असे काही आपल्याला दिसले नाही, असेही लिहिले. चरखा घालावा ही सूचना आली जालंधरच्या लाला हंसराज यांच्याकडून. बेजवाड्याच्या (आजच्या विजयवाड्याच्या) काँग्रेस बैठकीच्या वेळी गांधीजींनी वेंकय्यांना लाल व हिरव्या पट्ट्यांवर चरखा काढून मागितला. वेंकय्यांनी तीन तासांत आराखडा दिला, तरी तो समितीपुढे मांडायला थोडा उशीरच झाला. गांधीजींच्या मते हा उशीर पथ्यावर पडला, कारण लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, तर बाकीच्यांचे काय, हा विचार त्यांना मधल्या वेळेत सुचला. त्यातून पांढरा पट्टा आला. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. औपचारिक ठराव न होताही हा झेंडा देशभर पोहोचला. माझ्या मते याचे श्रेय रेखाटणीपेक्षा चरख्याला द्यावे लागेल. तो घराघरातला होता आणि कापड खादीचे होते, त्यामुळे झेंडा आणि त्याचा अर्थ एकाच हाताने तयार करता येत होता.

त्याची पहिली मोठी कसोटी जबलपुरात लागली. आज कांचघर भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे ठिकाण आपल्याच शहरात सापडेल. मार्च १९२३ मध्ये येथील टाउन हॉलवर हा झेंडा लावण्यावरून प्रशासनाशी संघर्ष झाला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्यांना तुरुंगवास घडला. जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. एप्रिलमध्ये लढ्याचे केंद्र नागपूरला सरकले. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती आणि ती मोडण्यासाठी देशभरातून तुकड्या येत होत्या. जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनी तेथे अटक करवून घेतली. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. ज्या कापडासाठी माणसे तुरुंगात जात होती, त्यावर एकही अक्षर नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

तरी आखणीत दोष होता, आणि तो रंगांच्या अर्थात होता. एकेक रंग एकेका समाजाला वाटून दिल्यावर ज्यांना रंग मिळाला नाही ते विचारणारच. शीख समाजाने तसे विचारलेही. शिवाय पांढरा, हिरवा, लाल हाच क्रम बल्गेरियाच्या झेंड्याचा होता. २ एप्रिल १९३१ रोजी सात जणांची समिती नेमली गेली. तीत वल्लभभाई पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्यासह साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. हर्डीकरांच्या सेवादलाची उभारणी नागपूरच्या सत्याग्रहाच्या अनुभवातूनच झाली होती. समितीने प्रांतांची मते मागवली आणि संपूर्ण केशरी कापडावर तपकिरी चरखा असा झेंडा सुचवला. आखणी म्हणून तो सर्वांत साधा आणि ठळक होता. तरीही ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीने तो नाकारला. दहा वर्षांत लोकांच्या डोळ्यांत तीन पट्टे बसले होते, हे त्यामागचे एक कारण असावे. नव्या ठरावात केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम, पांढऱ्यावर गडद निळा चरखा आणि लांबी-रुंदीचे तीनास दोन हे प्रमाण ठरले. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे शांती व सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य, असे अर्थही बदलले. कोणताही रंग आता कोणत्याही समाजाच्या नावावर उरला नाही.

शेवटची दुरुस्ती २२ जुलै १९४७ ची. संविधान सभेत नेहरूंनी जी अडचण सांगितली ती निव्वळ व्यवहाराची होती. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरख्याला मात्र एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाते, त्यामुळे मागच्या बाजूने तो उलटा दिसतो. म्हणून चाक ठेवले, बाकीचा सांगाडा काढला आणि त्या चाकाला सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राचे रूप दिले. चोवीस आऱ्यांचे हे चक्र कोणत्याही बाजूने पाहिले तरी सारखेच दिसते.