काच पुसणारा माणूस आणि त्याच्या हातातली काठी

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांनी भुवया उंचावल्या असतील. खिडक्या पुसण्याची काठी कशी निवडावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण या मालिकेत आपण हत्यारांचा इतिहास पाहतो आहोत. ज्या हत्यारात दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा कायदा, रसायनशास्त्र आणि माणसाचा खांदा एकत्र आलेत, त्याला वगळायचं कसं?

आधी वस्तू सांगतो. इंग्रजीत तिला वॉटर-फेड पोल म्हणतात. एकात एक सरकणाऱ्या पोकळ नळ्यांची लांब काठी, टोकाला ब्रश, काठीतून वर जाणारी पाण्याची बारीक नळी आणि ब्रशमधून काचेवर पडणाऱ्या धारा. माणूस जमिनीवर उभा राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची काच धुतो. नंतर फडकं नाही की वायपर नाही. काच तशीच वाळू द्यायची. मराठीत या वस्तूला अजून शब्द रुजलेला नाही. आपण आजपुरतं 'पाणकाठी' म्हणू.

ही काठी सगळ्यात जास्त रुळली ती ब्रिटनमध्ये. का, हे समजायला मागे जावं लागतं.

इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. घराला जितक्या खिडक्या तितका कर. लोकांनी खिडक्या चक्क विटांनी बुजवल्या, आणि त्या बुजवलेल्या खिडक्या आजही जुन्या घरांवर दिसतात. काचेवर वेगळं उत्पादनशुल्क होतं, ते १८४५ मध्ये गेलं. खिडकीकर १८५१ मध्ये गेला. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, सुमारे तीन लाख तावदानांचा. काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या. आणि कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या त्या शहरांत प्रत्येक खिडकीला बाहेरची एक बाजू होती. ती कोण पुसणार?

मोलकरीण पुसणार. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर उभी राहून.

इथे आम्हाला एक कायदा फार महत्त्वाचा वाटतो. १८४७ चा टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्ट, कलम २८. रस्त्यावरच्या उपद्रवांची ती लांबलचक यादी आहे. मोकाट जनावरं, रस्त्यात गालिचे झटकणं, असलं सगळं. त्या गर्दीत एक नोंद अशी, की आपल्या नोकराला खिडकीच्या कठड्यावर उभं राहून बाहेरून साफसफाई किंवा रंगकाम करायला जो सांगेल किंवा करू देईल, तो घरमालक गुन्हेगार. तळघराची खिडकी तेवढी अपवाद. दंड चाळीस शिलिंगांपर्यंत. गुन्हा कोणाचा धरलाय ते पाहा. वर चढणाऱ्या मुलीचा नव्हे, चढवणाऱ्याचा. १८४७ साली हा विचार कायद्यात येतो, हे आम्हाला आजही थोडं आश्चर्याचं वाटतं. अर्थात शब्द 'उभं राहणं' असा आहे, बसण्याबद्दल कायदा गप्प आहे. चौकटीत उलटं बसायचं, पाय आत, धड बाहेर, आणि काच मांडीवर ओढून घ्यायची, ही पद्धत पुढे कितीतरी दशकं चालूच राहिली.

मग हे काम व्यवसाय म्हणून करणारे आले. शिडी, बादली आणि शॅमीचं कातडं. १९३६ मध्ये जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायकाचं खिडक्या पुसणाऱ्यावरचं गाणं ब्रिटनभर गाजलं, इतका तो शिडीवाला ओळखीचा होता. त्याच वर्षी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, इटलीहून आलेल्या एत्तोरे स्टेकोने यांनी पितळेचा हलका, एकाच रबरी पात्याचा स्क्वीजी बनवला. आपण ज्याला वायपर म्हणतो त्याचा हा सुबक भाऊ. आधीचे स्क्वीजी जड पोलादाचे, पातं बदलायला डझनभर स्क्रू सोडवायचे. स्टेकोनेंच्या हत्यारानं हाताचं काम सोपं केलं. पण पाय शिडीवरच राहिले.

जमिनीवरून काच धुवायची कल्पना अगदीच नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या लांब काठीतून पाणी सोडून काचा धुतल्या जात. मग शिडी तेव्हाच का गेली नाही? दोन अडचणी होत्या. पाणी आणि वजन.

पाण्याची अडचण आपल्या घरातलीच आहे. बोअरच्या पाण्यानं धुतलेला स्टीलचा पेला न पुसता ठेवा. वाळल्यावर पांढरे डाग. पाणी उडून गेलं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उरले. शिडीवरचा माणूस पाणी काचेवर वाळू देतच नव्हता, तो ते ओढून काढत होता. जमिनीवरून ते शक्य नाही. म्हणजे पाणीच असं हवं की वाळल्यावर काही उरणार नाही. त्याच्या दोन वाटा विज्ञानात वेगवेगळ्या वेळी सापडल्या, आणि दोन्ही खिडक्यांसाठी नव्हत्या. १९३५ मध्ये इंग्लंडात टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिन तयार केलं, जे पाण्यातले क्षारांचे आयन धरून ठेवतं. आणि १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतातून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पातळ पडदा बनवला की दाब दिला की पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. हाच तो आरओ. आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं यंत्र आणि लंडनच्या खिडकीवाल्याच्या गाडीतलं यंत्र, दोघांचं मूळ एकच. टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटरही तेच. फरक इतकाच की प्यायला आपल्याला थोडे क्षार हवे असतात. काचेला शून्य हवं, निदान दहाच्या आत.

म्हणून, काठी विकत घेणाऱ्यानं पहिला प्रश्न काठीचा विचारू नये, गावच्या पाण्याचा विचारावा. लंडनचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातलं, जड. तिथे नुसतं रेझिन वापरलं तर ते बघता बघता संपतं, म्हणून आधी आरओ, मग शेवटचा हात रेझिनचा. मँचेस्टरला १८९४ पासून थर्लमिअर सरोवराचं पाणी येतं, ग्लासगोला १८५९ पासून लॉख कॅट्रिनचं. डोंगरातलं मृदू पाणी. तिथे रेझिन एकट्यानं काम भागवू शकतं. आरओत बरंच पाणी वाया जातं, हे आपल्याला सांगायला नकोच. आपल्या गृहिणी ते बादलीत धरून फरशी पुसतात.

आता वजन. इथे आम्हाला गॅलिलिओ आठवतो. १६३८च्या त्याच्या ग्रंथात, 'दोन नव्या शास्त्रां'त, त्यानं एक प्रश्न घेतला. पक्ष्याची हाडं आणि गवताच्या काड्या पोकळ का असतात? उत्तर असं, की तेवढ्याच वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा पोकळ नळी जास्त भार पेलते. आपल्याला हे बांबूनं कधीच शिकवलंय. दुसरी गोष्ट, जी पुढच्या गणितातून आली, ती कडू आहे. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर दुसऱ्या टोकावरच्या त्याच भारानं तो आठपट वाकतो. आणि आडवा धरला तर स्वतःच्याच वजनानं सोळापट. म्हणून सहा मीटरची काठी चांगली वाटली तर बारा मीटरचीही वाटेल, असा हिशेब करू नये. पाणकाठी बरीचशी उभी धरतात, त्यामुळे बरंचसं वजन हाडांतून जमिनीत जातं. पण भिंतीपासून दूर सरकत गेलात की ती आडवी होत जाते, आणि गणित अंगावर येतं.

यावर उपाय पदार्थात होता. काचतंतूची काठी स्वस्त, दणकट, पण जड आणि लवचीक. (काच धुवायला काचेचीच काठी, हा योग आम्हाला आवडतो.) ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा ताठ असलं तरी वजनानं पुन्हा तिथेच आणून सोडतं. कार्बनतंतू मात्र तितक्याच वजनात ॲल्युमिनियमपेक्षा दुपटी-तिपटीनं ताठ. जपानात अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडात फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेत विल्यम वॅट यांच्या गटानं १९६०च्या दशकात हे तंतू उपयोगाचे केले. विमानांसाठी केलेला माल मासेमारीच्या गळांत आला, गोल्फच्या काठ्यांत आला, आणि शेवटी खिडकीवाल्याच्या हातात.

म्हणजे शतक संपता संपता शुद्ध पाणी होतं, हलकी नळी होती. नव्हती ती सक्ती. ती २००५ मध्ये आली. युरोपच्या २००१च्या निर्देशावरून ब्रिटननं उंचीवरच्या कामाचे नियम केले. त्यांचा क्रम नीट ऐका, कारण सगळं मर्म क्रमात आहे. वर चढताना काळजी घ्या, हे पहिलं वाक्य नाही. पहिलं असं, की काम वर न चढता सुरक्षितपणे करणं व्यवहार्य असेल, तर वर चढायचंच नाही. नाइलाज असेल तर पडणं रोखा. तेही जमत नसेल तर पडल्यावरची इजा कमी करा. शिडीवर बंदी आली, असं तेव्हा अनेकांनी समजून घेतलं, आजही समजतात. ते खरं नाही. थोड्या वेळाच्या, कमी जोखमीच्या कामाला शिडी चालते. पण जमिनीवरून काच धुणारी काठी दुकानात असताना शिडीच लागते असं म्हणणं मालकाला अवघड झालं. आणि हा नियम नोकरीवरच्या माणसाइतकाच स्वतःच्या धंद्यातल्या एकट्या खिडकीवाल्यालाही लागू आहे.

इथे इतिहास संपून निवड सुरू होते. आमचं म्हणणं सरळ सांगतो. धोका नाहीसा झाला नाही, त्याची जागा बदलली. पायाखालून तो मान, खांदे आणि कमरेत आला. शिडीवरून पडणं एका क्षणाचं असतं, मान वर करून काम करणं वीस वर्षांचं. तेव्हा काठी निवडताना इमारत किती उंच आहे यापेक्षा ती दिवसभर कोण धरणार आहे, हे आधी पाहावं.

व्यवहारात याचा अर्थ काय? ब्रिटनमधली बहुतेक घरं दुमजली, त्यांना साधारण पाच-सहा मीटरची काठी पुरते. पण विक्रेता बारा मीटरची दाखवतो, आणि घेणाऱ्याला वाटतं, असू द्यावी, कधी मोठं काम आलं तर! मग मोठं काम वर्षातून दोनदा येतं आणि उरलेले दिवस तो माणूस न उघडलेल्या नळ्यांचं ओझं हातात घेऊन फिरतो. रोजच्या कामाला पुरेल तेवढीच काठी घ्यावी, किंवा जिचे खालचे भाग काढून ठेवता येतात ती घ्यावी. पैसे कमी असतील तर काचतंतूची काठी पहिल्या मजल्यापर्यंत खुशाल घ्या. त्यावरच्या उंचीला आम्ही कार्बनच सांगू. अतिताठ, महागडा कार्बन मात्र सगळ्यांना लागत नाही. तो आपटला तर तडकायची भीतीही जास्त.

ताठपणाला आम्ही इतकं महत्त्व देतो त्यामागे आमच्या विषयाचंही कारण आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती यानं १९४५च्या ग्रंथात अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलंय. सवय झाली की ती काठी त्याच्यासाठी वस्तू उरत नाही, त्याचा स्पर्श काठीच्या टोकाशी जाऊन बसतो. चांगल्या खिडकीवाल्याचं तसंच होतं. पक्ष्याची विष्ठा निघाली की नाही, ब्रश चौकटीच्या कडेला लागला की नाही, हे तीन मजल्यांवरचं त्याला तळहातात कळतं. लवलवती काठी हे मधेच गिळून टाकते. मग तो दिसतं का ते पाहायला मान आणखी मागे टाकतो, आणि अंदाजानं दुप्पट घासतो.

दुकानात काठी कोरडी उचलून पाहतात, ते निरर्थक आहे. ब्रश लावा, नळी पाण्यानं भरा. सहा मिलिमीटरच्या आतल्या व्यासाच्या दहा मीटर नळीत पाव किलोहून थोडं जास्त पाणी मावतं, आणि ते वजन काठीच्या सगळ्या लांबीवर लटकतं. पंपालाही ते वर ढकलावं लागतं, दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब. कामाच्या उंचीला काठी उघडा आणि दहा मिनिटं भिंतीवर चालवा. नळ्या जोडून धरणारे क्लॅम्प ओल्या, गारठलेल्या बोटांनी उघडतात का ते पाहा. सुटे मिळतात का विचारा, कारण आधी झिजतात ते क्लॅम्प.

एक गोष्ट राहिली, आणि तिथे घाई चालत नाही. कार्बन वीज वाहून नेतो. डोक्यावर तारा असतील तिथे कार्बनची काठी म्हणजे वर धरलेली तारच. काचतंतू वीजरोधक खरा, पण ओला, मळलेला, आत पाण्यानं भरलेली नळी असलेला काचतंतू वीजरोधक आहे असं कोणी विकताना सांगितलं, तर त्यावर जीव ठेवू नये. तारांपासून काठीच्या पूर्ण लांबीहून जास्त अंतर राहत नसेल, तर तिथे काठी उघडायचीच नाही, मग ती कशाचीही असो.

आणि काठीची हद्दही आहे. वीस मीटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा मजल्यांपाशी, उत्तम कार्बनही हाताबाहेर जाऊ लागतो. मुंबई-पुण्यातले काचेचे मनोरे त्याच्या कितीतरी पलीकडे आहेत. तिथे माणूस अजून दोरीवर लटकतो, नाहीतर झुल्यात उभा असतो. ती काच इतक्या उंचीवर लावायचं ज्यानं ठरवलं, त्यानं ती कोण आणि कशी धुणार हे नकाशावर ठरवलं होतं का? १८४७च्या कलमाला हाच प्रश्न पडला होता. पण दोरीचा इतिहास वेगळा आहे, गिर्यारोहकांपासून सुरू होणारा. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.