आजीचे 'चुकीचे' नियम : देशी बुद्धिबळ आणि रोजच्या डावाची गोडी

इंदूरच्या आमच्या जुन्या घरातून आणलेल्या ट्रंकेत बुद्धिबळाचा एक कापडी पट आहे. तांबड्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने आठ बाय आठ घरं शिवलेली. काळी-पांढरी घरं नाहीत, सगळी एकाच रंगाची, आणि काही घरांत फुल्या. सोंगट्या लाकडी, लाखेच्या रंगाच्या; एका बाजूच्या लाल, दुसऱ्या बाजूच्या हिरव्या. एक हिरवा उंट केव्हाच हरवला. त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ आहे. पट आजीचा.

माझा पेशा इंजिनिअरचा. इतिहासाचा नाद उशिरा लागला. त्यामुळे या पटाकडे मी आधी 'वस्तू' म्हणूनच पाहिलं. पूर्वी आपल्याकडचे पट असेच असत, एकरंगी. घरं आलटून पालटून रंगवण्याची रीत युरोपातली. फुल्यांचा या खेळात काही उपयोग नाही. त्या 'अष्टापद' नावाच्या आठ बाय आठ घरांच्या त्याहूनही जुन्या पटावरून आल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. एवढं टिपून मी खूश होतो. मग ध्यानात आलं, की पट हाताशी आहे, पण त्यावर खेळायचे कसे, हे सांगणारं माणूस आता नाही. आणि याला थोडाफार मीच जबाबदार आहे.

झालं असं. रोज दुपारी जेवणं आटोपली, की आजी आणि शेजारच्या काकू ओसरीवर पट मांडत. आजी 'शह' म्हणायची, काकू 'किश्त' म्हणायच्या, त्या माळव्यातल्या. साधारण 1980 साली मी सातवीत असताना शाळेत बुद्धिबळ शिकलो. हाती नियमांची छापील पुस्तिका आली. त्या सुमारास वर्तमानपत्रांत खाडिलकर भगिनींची नावं गाजत होती. 1974 ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली होती आणि त्यांच्या पाठोपाठ जयश्री आणि रोहिणीही चमकल्या. मला वाटलं, आपली आजीही खेळते, तिला 'बरोबर' खेळायला शिकवू. पुस्तिका घेऊन बसलो आणि तिच्या प्रत्येक खेळीला चूक काढू लागलो. "अगं आजी, राजा घोड्यासारखा नाही उडत!" चार-पाच दिवस तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू तुझ्या पुस्तकाशी खेळ रे बाबा." माझ्याशी ती पुन्हा कधी खेळली नाही. काकूंशी मात्र शेवटपर्यंत खेळली, स्वतःच्या नियमांनी.

ते नियम आज मला आठवतात ते मी काढलेल्या 'चुकां'मधूनच. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की यातलं काहीही आजीच्या मनचं नव्हतं. उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनेत शेकडो घरांत, थोड्याफार फरकाने, असाच खेळ चाले. आमच्या ओसरीवरचा प्रकार असा :

मांडणीत राजासमोर राजा नाही, राजासमोर वजीर. प्यादं नेहमी एकच घर चालणार. पहिल्या खेपेलाही दोन घरं नाहीत. म्हणून सुरुवातीला दोघांनी ठरलेल्या चार खेळ्या एकदम करून घ्यायच्या, पटाची निम्मी हद्द न ओलांडता. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच अडीच घरं उडी, तीही त्याआधी शह बसला नसेल तरच. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की मनाला येईल ते मोहरं होत नाही. ज्या रांगेतलं प्यादं, त्या रांगेचं मोहरं: हत्तीच्या रांगेतलं हत्ती, घोड्याच्या रांगेतलं घोडा, राजा-वजिराच्या रांगेतलं वजीर. तेही त्या जातीचं मोहरं आधी मेलेलं असेल तरच.

आणि दोन नियम सगळ्यांत मोलाचे. समोरच्याचा राजा एकटा उरला तर 'बुर्जी': पूर्ण विजय नाही, अर्धाच. आणि प्याद्याने केलेली मात, 'प्यादेमात', सर्वांत मानाची. वजिराने मात केली तर काकू नुसती मान हलवायच्या. प्यादेमात झाली की त्या दिवशीचा चहा हरणारीकडे.

सातवीतल्या मला हे सगळं अडाणीपणाचं वाटलं. यंत्र उघडून पाहायची सवय लागल्यावर कळलं, की प्रत्येक नियमाला काम आहे. बुर्जीचंच बघा. आजच्या खेळात बलवान खेळाडू समोरच्याची मोहरी एकेक करून खातो आणि शेवटी निवांत मात करतो. दुबळ्याला त्या वीस मिनिटांत करायला काही उरत नाही. बुर्जी असेल तर हे चालत नाही. पूर्ण विजय हवा तर हरणाऱ्याचं एखादं मोहरं जिवंत राखूनच मात करावी लागते. म्हणजे हरणाऱ्याच्या हातात अखेरपर्यंत काहीतरी राहतं, आणि जिंकणाऱ्याचं काम अवघड होतं. प्यादेमातीचा मानही त्याच जातीचा. वरचढ माणसाने स्वतःवर घालून घेतलेलं ते बंधन आहे. सुरुवातीच्या चार खेळ्या एकदम केल्या, की पाठांतराला फारसा वाव राहत नाही.

स्पर्धेत बरोबरीची माणसं समोर येतात आणि उद्या दुसरी असतात. ओसरीवर तीच दोन माणसं वीस-वीस वर्षं रोज बसतात, आणि त्यांत एक नेहमी सरस असतो. आमच्याकडे काकू सरस होत्या. तरीही आजीची गोडी कमी झाली नाही, याचं निम्मं श्रेय मी या नियमांना देतो. हौशी माणसाला रोज हरूनही रोज बसावंसं वाटलं पाहिजे. देशी खेळाची घडण नेमकी त्यासाठी आहे.

या खेळाची कागदावरची खूण शोधताना मला आपल्यासारखीच, मुलूख सोडून गेलेली माणसं भेटली. पैठणहून काशीला जाऊन वसलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा प्रचंड धर्मग्रंथ लिहिला. त्यातल्या राजनीतीवरच्या 'नीतिमयूख' या भागात बुद्धिबळाचं वर्णन आहे. घोड्याने पटावरची सर्व घरं एकेकदाच कशी फिरावीत, हेही आहे. दुसरी खूण पेशवाईच्या अखेरच्या काळातली. तिरुवेंगडाचार्य शास्त्रींच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार 1814 साली मुंबईत छापला गेला. त्याच्या नावातच म्हटलं आहे, की हे युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे आजीला पुस्तिका दाखवण्याचं माझं काम माझ्याआधी दीडशेहून अधिक वर्षं सुरू झालं होतं! फरक इतकाच, की शास्त्रीबुवांना दोन्ही खेळ येत होते.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. देशी नियमांत वाढलेल्या पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी युरोपीय नियम नव्याने शिकून 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकली, आणि हेस्टिंग्जला कापाब्लांकालाही हरवलं. 1951 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि आंतरराष्ट्रीय नियमच खेळाचे नियम ठरले. ते व्हायलाच हवं होतं. जगाशी खेळायचं तर जगाचे नियम हवेत. नाहीतर आनंद घडला नसता, आणि 2025 चा महिला विश्वचषक नागपूरच्या दिव्या देशमुखने आणला नसता. माझी तक्रार नियम बदलल्याची नाही. जुने नियम 'चूक' ठरवून आपण ते लिहूनसुद्धा ठेवले नाहीत, याची आहे.

आता दर रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, मी आणि माझा एक कॉलेजचा मित्र त्या तांबड्या पटावर देशी डाव मांडतो. एकरंगी पटावर उंटाचा तिरका रस्ता चटकन दिसत नाही. रिळाचा उंट तर हमखास विसरतो. मित्र माझ्यापेक्षा बराच सरस आहे. परवा त्याने मला हरवत आणलं होतं, पण प्यादेमातीच्या मोहात त्याचा वजीर गेला, शेवटी माझ्या वाट्याला बुर्जी आली, आणि आम्ही दोघंही खूश झालो. सहा-सहा तास स्पर्धा खेळलोय, हा आनंद तिथे मिळाला नव्हता.

वाचकांना एक विनंती. घरात सत्तरीपुढचं कुणी पूर्वी बुद्धिबळ खेळलेलं असेल, तर त्यांच्यासमोर पट मांडा आणि विचारा : राजासमोर कोण ठेवायचं? प्यादं पहिल्यांदा किती घरं जाई? प्याद्याचं काय होई? राजा एकटा उरला की काय म्हणत? गावाचं नाव आणि साल घालून लिहून ठेवा. बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद इथली उत्तरं वेगळी येतील, आणि त्या फरकांतच खरा इतिहास आहे.

फक्त विचारताना छापील पुस्तिका जवळ ठेवू नका. आणि ते सांगतील त्यात चूक काढू नका.