तारखांच्या वहीतले नाटक

नाट्यगृहाच्या आगामी हंगामाची पत्रिका हा साहित्याच्या अभ्यासकाने जपून ठेवावा असा कागद आहे, असे कोणी म्हटले तर हसू येईल. घडीचा गुळगुळीत कागद, त्यात नाटकांचे एक पान, नृत्याचे एक, संगीताचे एक. खाली वेळा, तिकिटांचे दर आणि आश्रयदात्यांची नावे. हंगाम सरला की तो रद्दीत जातो. आमच्या परिचयाच्या ग्रंथालयांत नाटकांच्या संहिता आहेत, त्यांच्यावरील प्रबंधही आहेत. परंतु ती नाटके कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या नाटकाच्या आगेमागे लागत होती हे शोधू गेल्यास बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते. वर्गात आम्ही संहिता शिकवतो. ती रंगमंचावर येण्यासाठी कोणीतरी तिला तारीख दिली होती, ही गोष्ट आमच्या शिकवण्यात येत नाही. तारीख कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर मराठी रंगभूमीवर वेळोवेळी बदलत गेले आणि त्याबरोबर नाटकाचा आकारही बदलला, असे आम्हांस वाटते.

हंगाम हा शब्द आपल्याकडे आधी शेताचा. खरीप आणि रब्बी, उसाचा आणि आंब्याचा. कचेरीत गेल्यावर त्याचे ‘हंगामी’ झाले आणि त्याचा अर्थ कायम न होणारा असा लागू लागला. नाट्यगृहाच्या पत्रिकेवर तो छापला जातो तेव्हा मात्र त्याच्या अंगी एक प्रकारचा डौल येतो. हा डौल मराठीत तसा अलीकडचा आहे.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा खेळ कधी व्हावा हे संस्थानिक ठरवत होते. चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये निवर्तले आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. 1853 मध्ये ते मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात पोहोचले. राजाश्रयाकडून तिकिटाकडे झालेला हा प्रवास आपण नेहमी सांगतो. त्यात एक गोष्ट मात्र निसटते: पुढची सत्तर-ऐंशी वर्षे हंगाम ठरवण्याचा अधिकार मंडळीच्या हाती राहिला. आनंदोद्भव नाट्यगृहात 31 ऑक्टोबर 1880 रोजी ‘शाकुंतल’ झाले, ते किर्लोस्करांच्या इच्छेने झाले. नाट्यगृह फक्त भाड्याचे छप्पर होते. मंडळी गावात मुक्काम ठोकी, आपल्या पोतडीतली नाटके एकामागून एक काढी आणि प्रेक्षक आटले की पेट्या बांधी. खेळ पहाटेपर्यंत चालला तरी पुढच्या खेळासाठी दार ठोठावणारे कोणी नसे. संगीत नाटकातील पदांची संख्या, ‘वन्समोअर’ची चाल, पाच अंकांचा पसारा, हे सारे रसिकतेचे फळ होतेच, पण रात्र आपल्या मालकीची आहे हे मंडळीला ठाऊक होते, त्याचाही त्यात वाटा होता.

शहरातल्या या व्यवस्थेशेजारीच दुसरी एक व्यवस्था उभी राहिली, जिच्याकडे नाट्येतिहासकारांनी फारसे वळून पाहिले नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत फडमालक किंवा व्यवस्थापक, समोर बाड. गावोगावचे जत्रेचे पंच येतात, दोन-चार राहुट्या फिरून भाव काढतात आणि आपल्या जत्रेच्या रात्रीची सुपारी देऊन जातात. किंमत फडाच्या नावावर ठरते तशीच तिथीवरही ठरते. अनेक गावांच्या जत्रा एकाच तिथीला येतात, त्या रात्रीचा फड महाग, मधल्या सुन्या रात्रीचा स्वस्त. येथे तारीख ग्रामदैवताची असते. फड ती बदलू शकत नाही आणि गावही बदलू शकत नाही. पंच कराराचा कागद घेऊन परततात तेव्हा त्यांनी नाटक ठरवले, नृत्य ठरवले की संगीत, असे विचारण्यात अर्थ नसतो. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग मिळून एक रात्र त्यांनी ठरवलेली असते. आमच्या मते आगामी हंगामाची ही मराठीतील सर्वांत जिवंत पत्रिका आहे. ती छापली जात नाही, इतकेच.

बोलपटांनी मंडळ्यांचे कंबरडे मोडले. ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली आला आणि त्यानंतर अनेक नाट्यगृहांत पडदे लागले, हा इतिहास सर्वांस माहीत आहे. तो आम्ही ओलांडून पुढे जातो, कारण आमच्या प्रश्नाला खरे वळण मिळाले ते 1960 नंतरच्या दशकात. गिरगावात साहित्य संघाचे नाट्यगृह 1964 मध्ये, दादरला शिवाजी मंदिर 1965 मध्ये आणि पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर 1968 मध्ये उभे राहिले. यांतल्या शेवटच्या वास्तूची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते 1962 मध्ये बसली. 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जयंतीला, उद्घाटन झाले तेव्हा ते हयात नव्हते. आता मंडळी नव्हती, निर्माता होता. त्याच्यापाशी स्वतःचे नाट्यगृह नव्हते आणि नाट्यगृहापाशी स्वतःचे नाटक नव्हते. या दोन उणिवांना जोडणारा दुवा म्हणजे तारखांची वही.

तीन-चार महिन्यांच्या तुकड्यांनी तारखांचे वाटप होते. शनिवार-रविवारच्या तारखांना सोन्याचा भाव, मंगळवारच्या तारखेला गिऱ्हाईक नाही. एका दिवसाची सत्रे पाडली गेली: सकाळ, दुपार, रात्र. दुपारचे नाटक संपताच नेपथ्य उतरवून दुसऱ्याचे चढवायचे, कारण रात्रीच्या निर्मात्याचा टेंपो मागच्या दाराशी उभा असतो. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी अनेक वर्षे अशा एका नाट्यगृहाच्या खिडकीवर काढली. ते म्हणत, नाटक अडीच तासांचे असते हे भरताने सांगितलेले नाही, ते आमच्या वहीने सांगितले आहे. विनोद सोडून देऊ. तरीही तीन अंकांचे दोन अंक होणे, पात्रांची संख्या आटणे, आणि सोफा, जिना, फुलदाणी यांनी भरलेला, तासाभरात उभा राहणारा आणि दौऱ्यावर नेता येणारा तो दिवाणखाना नाटकामागून नाटकात येणे, यांची चर्चा केवळ मध्यमवर्गीय जाणिवेच्या अंगाने करून भागणार नाही. वहीतही तिचे एक कारण आहे. या व्यवस्थेने उत्तम नाटकेही दिली, हे मान्य करावयास हवे. पण तिला प्रत्येक नाटकापाशी एकच प्रश्न विचारता येत होता: पुढची तारीख भरेल का? पन्नास प्रेक्षकांसाठी लिहिलेल्या नाटकाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

अशा नाटकांसाठी 1974 मध्ये दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेचे सभागृह उघडले. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी 1971 मध्ये ‘आविष्कार’ स्थापन केली होती. अरुण काकडे त्यांच्यासोबत होते. सुलभाताईंनी पूर्वी छबिलदास शाळेत शिकवले होते आणि तेथील मुलांसाठी विजय तेंडुलकरांकडून नाटके लिहून घेतली होती. जागेचे हे नाते कामी आले असावे. दिवसा शाळा, संध्याकाळनंतर नाटक. घडीच्या खुर्च्या मांडायच्या, प्रयोगानंतर उचलायच्या, सकाळी मुले यायच्या आत सभागृह पूर्ववत करायचे. रंगमंच हवा तेथे मांडता येत असे. बादल सरकारांचा ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी येथे केला तेव्हा नाटक आणि प्रेक्षक यांना वेगळे करणारी रेषाच उरली नाही. आविष्कारने ही जागा एकट्यासाठी ठेवली नाही. इतर संस्थांनाही ती परवडेल अशा दरात मिळत गेली आणि बघता बघता तेथे एक हंगाम तयार झाला. तो कोणी जाहीर केलेला नव्हता. आज काय आहे, हे पाहायला लोक छबिलदासला जात; नाटकाचे नाव तेथे पोहोचल्यावर कळले तरी चालत असे.

एका तपशिलाकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. रंगायन हे संस्थेचे नाव, नाट्यमन्वंतर हेही संस्थेचेच. मराठी नाट्येतिहासातील चळवळीला जागेचे नाव मिळाले ते छबिलदासच्या वेळी, आणि ती जागा नाट्यगृहही नव्हती. याच मंडळींनी रंगायनमध्ये 1967 साली केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे स्थळ कोणते होते? संध्याकाळच्या प्रयोगाची वाट पाहत असलेले एका गावातले सभागृह. बेणारे बाईंचा खटला ज्या वेळात उभा राहतो, तो वेळ प्रयोगाच्या तारखेने शिल्लक ठेवलेला आहे. हे नाटक शिकवताना आम्ही या सभागृहाकडे कितीदा लक्ष दिले? क्वचितच.

पुढे शाळेची जागा सुटली, आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. काम थांबले नाही. पण छबिलदास हे नाव नव्या जागेला चिकटले नाही. जागा उसनी असली की तारीखही उसनीच असते.

याच सुमारास मुंबईच्या दोन टोकांना दोन वास्तू उभ्या राहिल्या, ज्यांनी तारीख देण्याचा अधिकार विचारपूर्वक आपल्याकडे घेतला. जुहूचे पृथ्वी थिएटर 5 नोव्हेंबर 1978 रोजी उघडले. ती तारीख मराठी रंगभूमी दिनाची होती. जेनिफर आणि शशी कपूर यांनी उभारलेल्या या सुमारे दोनशे आसनांच्या, तीन बाजूंनी प्रेक्षक बसणाऱ्या नाट्यगृहाचा आरंभ झाला तो गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ने. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी त्यात होते आणि भाषा हिंदी होती. श्रीराम लागूंनी मराठीत केलेले हे नाटक विचारनाट्य म्हणून नावाजले गेले. तथापि एका प्राध्यापकाच्या चौकशीवरचे नाटक तारखांच्या वहीत किती काळ टिकणार? ते हिंदीतून एका नव्या वास्तूचे पहिले नाटक झाले, याचा अभिमान वाटावा की वाईट वाटावे, हे आम्हांस अजून ठरवता आलेले नाही.

दुसरी वास्तू नरिमन पॉइंटची. जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे काम 1969 मध्ये भुलाभाई देसाई मार्गावरील एका छोट्या सभागृहात सुरू झाले. टाटा थिएटर 1980 मध्ये उघडले; वास्तुविशारद फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. ध्वनिक्षेपकाशिवाय सतार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यावी, अशी ही रचना. येथला हंगाम छापील असतो, आणि नाटक, नृत्य, संगीत यांची पाने वेगळी असतात. संस्थेला कारभार करायचा तर विभाग हवेत, हे आम्हांस कळते. पण नारायणगावच्या राहुटीतून येथे आलेल्या माणसाला हे विभाग चमत्कारिक वाटतील. ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाले. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य. ते कोणत्या पानावर छापायचे? सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मधले कीर्तन कोणत्या विभागाचे? नृत्याच्या पानावर भरतनाट्यम येते तेव्हा तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीने या नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या, आणि गुरू पार्वतीकुमारांनी त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी वर्षे वेचली, हे पान आपल्याला सांगत नाही.

या भिंतींना आतूनच दारे पाडणारेही त्याच संस्थेत होते, हे नोंदवले पाहिजे. पु. ल. देशपांडे तेथे मानद संचालक होते. अशोक रानड्यांनी ‘बैठकीची लावणी’ आणि ‘देवगाणी’ यांसारखे कार्यक्रम रचले. त्यांत गाणे ऐकवता ऐकवता ते कोठून आले हेही सांगितले जाई. छबिलदासच्या पिढीला घडवणाऱ्या विजया मेहता 1993 पासून या केंद्राच्या कार्यकारी संचालक होत्या. ज्यांनी एकेकाळी तारखेसाठी दारे ठोठावली त्यांच्या हाती तारखा आल्या, असा हा प्रवास आहे. त्याचा अभ्यास कोणी केला तर तो मोलाचा ठरेल. त्यासाठी त्या काळातील हंगामपत्रिका एकत्र करणे ही पहिली पायरी आहे.

अशा कागदांचे आयुष्य किती, याचा प्रत्यय कोल्हापूरने दिला. शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागून बांधलेले पॅलेस थिएटर, पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पुनर्बांधणीची घोषणा झाली, दगडी भिंती किती शाबूत आहेत याची पाहणी झाली, छताच्या लाकडांची चर्चा झाली. या रंगमंचावर शंभराहून अधिक वर्षे कोणत्या रात्री कोण उभे राहिले, ते आता वृत्तपत्रांच्या जाहिरातींतून आणि कोल्हापुरातल्या घराघरांत उरलेल्या पत्रिकांतून जुळवावे लागेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या आजोळी अशी एखादी पत्रिका जुन्या ट्रंकेत असेल, तर ती फेकू नये. मागे दुधाचा हिशेब लिहिलेला असला तरी चालेल.