परजातीय अवयवरोपणातील कर्बोदक प्रतिजन

एका प्राणिजातीचा अवयव दुसऱ्या जातीत रोपताना त्याच्या पेशींवरील ज्या शर्करासाखळ्यांना ग्राहकाची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाला चिकटणारी रक्तातील संरक्षक प्रथिने, विरोध करतात, त्यांना कर्बोदक प्रतिजन म्हणतात.

अशा एका शर्करेचा निर्णायक प्रभाव मुंबईत १९५२ मध्ये दिसून आला. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात, गॅलॅक्टोजला फ्यूकोज जोडणारे विकर तांबड्या पेशींच्या बाबतीत निष्क्रिय असल्याने ‘ओ’ गटातही असणारा ‘एच’ प्रतिजन तयार होत नाही. उलट त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून या व्यक्तींना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही.

माणूस आणि डुक्कर यांच्यातील मुख्य अडसर याच प्रकारचा आहे. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ‘अल्फा-गॅल’ ही शर्करारचना विपुल असते, तर माणसात ती घडवणारे जनुक निष्क्रिय आहे आणि आतड्यातील जीवाणूंमुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे लहानपणापासूनच रक्तात असतात. त्यामुळे जनुकबदल न केलेला अवयव काही मिनिटांत ते तासांत निकामी होतो. विशेष म्हणजे, बॉम्बे गटात निष्क्रिय असलेले विकर डुकराच्या पेशींत घातल्यास ते त्याच साखळीच्या टोकासाठी स्पर्धा करून अल्फा-गॅलचे प्रमाण घटवते, असे १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवले.

विश्लेषणात ऊतींचे पातळ छेद विशिष्ट शर्करेला चिकटणाऱ्या लेक्टिन प्रथिनांनी रंगवतात, आणि विकराने सुट्या केलेल्या साखळ्यांची रचना वस्तुमान वर्णपटमापनाने ठरवतात. मात्र केवळ अवयव तपासणे अपुरे आहे. ग्राहकाचा रक्तद्रव डुकराच्या पेशींशी मिसळून प्रतिपिंडे किती चिकटतात हे पाहावेच लागते. अल्फा-गॅल काढल्यावर ‘एन-ग्लायकोलिलन्यूरामिनिक आम्ल’ व ‘एसडीए’ हे प्रतिजन महत्त्वाचे ठरले. त्यांपैकी पहिला माणसात तयार होत नाही, पण बबून माकडात होतो. म्हणून तिन्ही प्रतिजन काढलेल्या डुकराच्या पेशींना मानवी प्रतिपिंडे कमी चिकटत असली, तरी बबूनची प्रतिपिंडे अधिक चिकटतात. साहजिकच, बबूनवरील निष्कर्ष माणसाला सरसकट लावणे चुकीचे आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात माणसाला बसवलेल्या डुकराच्या हृदयातून हे तिन्ही प्रतिजन जनुकबदलाने काढलेले होते. ते हृदय तत्काळ नाकारले गेले नाही आणि रुग्ण सुमारे दोन महिने जगला.