पाचवीच्या उंबरठ्यावरची थरथर

नवजात बाळाची हनुवटी, हात किंवा पाय क्षणभर थरथरणे ही बहुतेक वेळा निरुपद्रवी बाब असते. परंतु जुन्या समाजाला तिच्याकडे निर्धास्तपणे पाहणे परवडणारे नव्हते, कारण जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात बाळे दगावत आणि त्यांतील अनेकांचा अंत अंगाला झटके येऊनच होत असे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, मग ती कादवेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांची गावे असोत की ननाशीकडील डोंगराळ भागातील कोकणा आणि महादेव कोळी वस्त्या, या भीतीचा इतिहास दप्तरापेक्षा बाळंतिणीच्या खोलीतील रीतिरिवाजांत अधिक शोधावा लागतो, आणि त्या बाबतीत हा तालुका उर्वरित ग्रामीण महाराष्ट्राहून वेगळा नाही.

या भीतीला शास्त्राचाही आधार होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह, म्हणजे बालकाला पछाडणाऱ्या शक्ती, सांगितले असून त्यांपैकी शीतपूतनेने ग्रासलेले मूल दचकते, फार कापते आणि रडते असे वर्णन आहे. स्कंदापस्माराच्या वर्णनात शुद्ध हरपणे आणि हातपाय झाडणे येते. काश्यपसंहितेत षष्ठी देवीचे माहात्म्य आणि सूतिकेच्या, म्हणजे बाळंतिणीच्या, सहाव्या दिवशी तिची पूजा करण्याचा निर्देश आहे. मराठी घरांत हीच देवी सटवाई झाली. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजायची, सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री दिवा विझू द्यायचा नाही आणि बाळाजवळ विळा किंवा सुरी ठेवायची, असा हा विधी घरोघरच्या थोड्याफार फरकाने चालत आला आहे.

रक्षणासाठी उशाशी ठेवलेले लोखंड आणि नाळ कापण्यासाठी हाती आलेले लोखंड अनेकदा एकाच घरातले, एकाच शेतातले असे, आणि धोका होता तो या दुसऱ्या वापरात. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत वर्षानुवर्षे तग धरणारी त्यांची रूपे, मातीत व जनावरांच्या शेणात असतात; न उकळलेल्या विळ्याने वा बांबूच्या धारदार कामटीने कापलेल्या नाळेतून, किंवा तिच्यावर लावलेल्या शेणा-राखेतून ते बाळाच्या शरीरात शिरत. विष भिनण्यास काही दिवस लागत असल्यामुळे चांगले दूध ओढणारे बाळ साधारणपणे तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान अचानक स्तन धरेनासे होई, जबडा आवळला जाई आणि स्पर्श, आवाज किंवा उजेड यांनी अंग ताठून आकडी येई. पाचवी-सहावीची रात्र जागून काढण्याची प्रथा याच काळात यावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. मात्र प्रथेचा उगम या एकाच रोगात शोधणेही अतिरेकाचे ठरेल. (बाळंतिणीच्या अंधाऱ्या, शांत खोलीने धनुर्वाताच्या झटक्यांना थोडा उतार पडत असणे शक्य आहे, पण ती खोली त्या हेतूने अंधारी ठेवलेली नव्हती.)

रोगाचे मूळ मातीत आहे हे आर्थर निकोलायर यांनी १८८४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८८९ मध्ये तो जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा या एकाकी बेटावरही बाळे ‘आठव्या दिवसाच्या आजारा’ने मरत, आणि १८९० च्या दशकात तेथील धर्मगुरू अँगस फिडीस यांनी निर्जंतुक प्रसूतीची पद्धत रुजवल्यावर ती साथ ओसरली. भारतात लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये उभारलेल्या व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीतून सुइणींना शिक्षण देण्याचा प्रयत्न झाला, तरी डोंगराळ तालुक्यांतील बाळंतपण पुढे अनेक दशके परंपरागत सुइणीच्याच हाती राहिले. खरा पालट झाला तो गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस दिल्याने तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळू लागली तेव्हा. त्याला स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे या ‘पाच स्वच्छतां’ची आणि २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेमुळे वाढलेल्या दवाखान्यातील प्रसूतींची जोड मिळाली. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नसून प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे त्याचे प्रमाण एकाहून कमी झाले, एवढाच आहे.

धनुर्वात मागे हटल्यावर इतर थरथरी वेगळ्या ओळखू येऊ लागल्या. चीक, म्हणजे आईचे पहिले घट्ट पिवळसर दूध, पिळून टाकून बाळाला दोन-तीन दिवस गूळपाण्यावर वा मधावर ठेवण्याच्या रूढीमुळे कमी वजनाच्या बाळांच्या रक्तातील साखर उतरण्याचा धोका वाढत असे, आणि त्यातून येणारी थरथर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसे. साधी थरथर हात हलकेच धरल्यास थांबते, आकडी मात्र धरूनही थांबत नाही आणि तिच्यात डोळे एका जागी खिळतात किंवा फिरतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांतील पहिल्या दोन भेटी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ठरलेल्या असून, त्यांच्या मधोमध घरात पाचवीची पूजा मांडली जाते.