आधी रुग्ण, मग सोबती

मानसिक आजारातून सावरलेल्या माणसाने दुसऱ्या आजारी माणसाच्या सोबतीला उभे राहायचे, या कामाला आज प्रशिक्षण आहे, पदनाम आहे, काही देशांत पगारही आहे. या प्रथेचे कूळ शोधत मागे गेलो की वाट कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात जात नाही. ती जाते एका कातडी कमावणाऱ्या माणसापाशी.

त्याचे नाव ज्याँ-बातिस्त प्युसँ. गंडमाळा झाल्या म्हणून १७७१ साली तो पॅरिसजवळच्या बिसेत्रमध्ये दाखल झाला. बिसेत्र म्हणजे एकाच आवारात रुग्णालय, तुरुंग आणि निराधारांचा आसरा. बरा झाल्यावर प्युसँ तिथेच नोकरीला राहिला आणि १७८०च्या दशकात मनोरुग्णांच्या विभागाचा कारभारी झाला. बायको मार्गरितही त्याच्याबरोबर राबत असे. दोघांपैकी कुणीही डॉक्टर नव्हते. प्युसँला मनाचा आजार झालेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण रुग्ण म्हणून त्या भिंतींच्या आत दिवस काढणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

रुग्णावर हात उगारणाऱ्या नोकराला तो कामावरून काढून टाकी. मग जागा भरायच्या कुणी? प्युसँने माणसे निवडली ती बऱ्या झालेल्या आणि बऱ्या होत आलेल्या रुग्णांतून. १७९३ साली फिलिप पिनेल हे डॉक्टर बिसेत्रला आले. पुढे प्युसँने आपली निरीक्षणे त्यांना लिहून दिली. त्यात या निवडीचे कारण आहे: अशी माणसे स्वभावाने अधिक मृदू, प्रामाणिक आणि माणुसकीची असतात, म्हणून या कष्टाच्या कामाला तीच योग्य. ‘वेडा’ ठरलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याची काळजी सोपवायची, हा निर्णय त्या काळात किती धाडसाचा असेल!

१७९७ साली प्युसँने बिसेत्रमधल्या रुग्णांच्या साखळ्या काढल्या. पिनेल तोवर साल्पेत्रिएर या दुसऱ्या रुग्णालयात गेले होते. त्यांनी आपल्या ग्रंथात प्युसँचे ऋण मोकळेपणाने मानले आहे. तरीही पुढच्या शतकातल्या चित्रकारांनी रुग्णांना मुक्त करणारा म्हणून रंगवला तो पिनेलच. तोनी रोबेर-फ्लरी यांचे १८७६चे चित्र तर जगभर गेले. काम सोबत्याचे आणि नाव डॉक्टरांचे, ही रीत तेव्हापासूनची.

पुढची मोठी पायरी रुग्णांनी स्वतःच बांधली. १९४०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड मनोरुग्णालयातून बाहेर पडलेली काही माणसे एकमेकांना धरून राहिली. त्यांना घर हवे होते, नोकरी हवी होती, आणि त्याआधी बोलायला माणूस हवा होता. ‘आपण एकटे नाही’ हेच त्यांनी गटाचे नाव ठेवले. १९४८ साली मॅनहॅटनमध्ये त्यांना एक घर मिळाले. मागच्या बागेत कारंजे होते म्हणून त्याचे नाव पडले फाउंटन हाउस. तिथे येणारा रुग्ण नसे, सदस्य असे. स्वयंपाक, टपाल, हिशेब ही कामे सदस्य आणि कर्मचारी बरोबरीने करत. आजारी माणसाला समाजात परत न्यायचे तर त्याची कुणाला तरी गरज भासली पाहिजे, हे त्या घराला नेमके कळले होते. पुढे १९९९मध्ये जॉर्जिया राज्याने मेडिकेड या सरकारी योजनेतून अशा सोबत्यांच्या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली.

या कुळाची एक शाखा आपल्या पुण्यातही आहे. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथे नव्याने आलेल्यांना सांभाळू लागली. ‘मीही इथूनच गेलोय’ असे सोबती सांगतो तेव्हा समोरच्याला बहाणे सांगावेसे वाटत नाहीत. स्किझोफ्रेनियासाठी पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने संस्था उभी राहिली. ते कॅनडात प्राध्यापक होते, आणि पत्नीच्या आजारपणामुळे कुटुंबाची होरपळ त्यांनी स्वतः सोसली होती.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्यांच्या दोन प्रतिनिधींना जागा दिली आहे. चर्चेच्या मेजावर हा हक्क मिळाला, हे चांगलेच झाले. आता तो वॉर्डातही मिळायला हवा. या सोबत्यांचे आपण सत्कार करतो, त्यांचे अनुभव ऐकून डोळे पुसतो आणि काम मात्र फुकट करून घेतो. प्युसँने बऱ्या झालेल्या रुग्णांना नोकरी दिली होती. सरकारने जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत अशा सोबत्यांची पगारी पदे निर्माण करावीत, आणि त्यांचा पगार दर महिन्याला वेळेवर द्यावा.