दांताच्या पोकळ मुळांत काय भरावें?

नेगेव्हच्या वाळवंटांत सांपडलेल्या एका कवटीची क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तेव्हां तिच्या एका दांताच्या मुळांत अडीच मिलिमीटर लांबीची काशाची तार बसविलेली आढळली. कवटी सुमारें बावीसशें वर्षांची जुनी. दांत पोखरणारा किडा आंत शिरूं नये म्हणून त्याची वाट बुजविण्याचा हा प्रयत्न असावा, असा एक तर्क आहे. तर्क कांहींहि असो. दांताचें मूळ पोकळ असतें व ती पोकळी कशानें तरी बंद केली पाहिजे, ही समजूत किती पुरातन आहे एवढें त्यावरून खास दिसतें. लढाया व तह यांचा इतिहास वाचण्याची संवय असलेल्या आमच्या वाचकांस केंसाएवढ्या नळीचा इतिहास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या नळींत काय भरावें, किंवा ती भरण्याऐवजीं दांतच उपटावा कीं काय, या वादांत एका सबंध पिढीचे दांत खर्ची पडले आहेत.

दांत वरून दगडासारखा दिसला तरी आंतून सजीव असतो. त्याच्या मध्यभागीं मऊ गाभा असतो, आणि त्या गाभ्यांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू मुळाच्या टोंकाशीं असलेल्या बारीक छिद्रांतून जबड्याशीं जोडलेले असतात. कीड गाभ्यापर्यंत पोंचली कीं ठणका सुरू होतो, आणि गाभा मेला कीं बहुधा तो थांबतो. या थांबण्यानेंच पुष्कळांची फसगत होते. कारण मेलेला गाभा कुजतो व तें दूषित द्रव्य मुळाच्या टोंकांतून हाडांत उतरतें. दांत राखावयाचा तर गाभा काढून नळी स्वच्छ केली पाहिजे आणि रिकामी झालेली जागा बुजविली पाहिजे. आज घरोघरीं ज्याला 'रूट कॅनॉल' म्हणतात तें हेंच.

आपला 'कीड' हा शब्दच एका जुन्या समजुतीचा अवशेष आहे. बाबिलोनी मंत्रांत दांत खाणारा किडा येतो. सुश्रुतसंहितेंत 'कृमिदंतक' नांवाचा दंतरोग सांगितला आहे. युरोपांतहि हा किडा अठराव्या शतकापर्यंत जिवंत होता. पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार यानें १७२८ सालीं आपला विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत सूक्ष्मदर्शकांतून पाहूनहि आपणांस असा किडा दिसला नाहीं, हें त्यानें सांगून टाकलें. दुखणारा दांत उघडावा, पू वाहूं द्यावा, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा आणि कांहीं काळानें शिसें भरावें, अशी त्याची रीत होती. लवंगेचें तेल आमच्याकडील आजीबाईच्या बटव्यांतहि होतेंच. तें या कथेंत पुनः भेटेल.

फोशारनंतर शंभरावर वर्षें धातूंचींच गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मुळांत सोन्याचा वर्ख ठासून भरण्याची पद्धत निघाली. तिचें श्रेय फिलाडेल्फियाच्या एडवर्ड हडसन यांस देतात. सोनें गंजत नाहीं हा त्याचा मोठा गुण. पण मुळाची नळी बंदुकीच्या नळीसारखी सरळ नसते. ती वाकते, चपटी होते, तिला फांटे फुटतात, आणि वर्ख त्या कोनाकोपऱ्यांत जात नाहीं. शिवाय तेथवर पोंचणारें हत्यार तरी कोठें होतें? १८३८ च्या सुमारास एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्यानें घड्याळाची कमान घासून नळींत शिरेल अशी बारीक कानस तयार केली. याच गृहस्थानें पुढें बंदुकींत सुधारणा केल्या, व त्याच्या नांवाची बंदूक अमेरिकेच्या यादवी युद्धांत वापरली गेली. दांत वांचविणारा व जबडे फोडण्याची सोय करणारा कारागीर एकच असावा, हा योग कादंबरीकारानें जुळविला असता तर आम्हांस तो ओढूनताणून आणलेला वाटला असता.

या धातूंना मागें सारणारा पदार्थ खाणींतून आला नाहीं. तो झाडांतून आला. मलाया, सुमात्रा, बोर्निओ येथील जंगलांत आपल्या बकुळ, मोह व चिकू यांच्याच कुळांतला एक उंच वृक्ष वाढतो. त्याच्या चिकाचा गोळा एरव्हीं लांकडासारखा घट्ट असतो, पण कढत पाण्यांत टाकतांच मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि निवाल्यावर तो आकार सोडीत नाहीं. मलायी लोक त्याच्या कोयत्यांस मुठी करीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील शस्त्रवैद्य विल्यम माँटगोमरी यांचें लक्ष सिंगापुरांत तिकडे गेलें, व १८४३ सालीं त्याचे नमुने विलायतेंत जाऊन पोंचले. हाच गटापर्चा; नांवहि मलायीच. समुद्राच्या पाण्यांत तो कुजत नाहीं व विजेला बाहेर जाऊं देत नाहीं, म्हणून समुद्राखालून जाणाऱ्या तारांस त्याचें वेष्टन घालूं लागले. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानें मुंबई व एडन यांच्या दरम्यान जी तार टाकली, ती याच चिकांत गुंडाळलेली होती. चीक काढण्यासाठीं झाड मुळापासून तोडीत, आणि प्रत्येक झाडापासून तो थोडाच निघे. अशा रीतीनें मलायाचीं जंगलें या तारांनीं खाल्लीं. दंतवैद्यांच्या वांट्यास त्यांतला कणभरच आला.

पण तो कण टिकला. १८४७ च्या सुमारास गटापर्चा दंतवैद्यकांत शिरला, आणि १८६७ सालीं सेंट लुइसचे जी. ए. बोमन यांनीं त्यानें मुळाची नळी भरली. त्याच्या तीन वर्षें आधीं न्यूयॉर्कच्या सॅन्फर्ड बार्नम यांनीं दांताभोंवतीं रबराचा पातळ पडदा ताणून लाळ दूर ठेवण्याची युक्ति काढली होती. ही युक्ति साधी दिसते. तथापि भरण्याच्या कोणत्याहि द्रव्यापेक्षां तिचें महत्त्व आम्हांस अधिक वाटतें, आणि तें कां, हें पुढें कळेल.

साधनें अशीं हातीं आलीं, तरी जंतूंचें शास्त्र दंतवैद्यांच्या हातांत अजून पुरतें मुरलें नव्हतें. अर्धीमुर्धी साफ केलेलीं मुळें आणि त्यांवर चकचकीत सोन्याच्या टोप्या, असा प्रकार सर्रास चाले. १९१० सालीं लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांत या सोनेरी घाणीवर कडक टीका केली. टीका रास्त होती. पण ऐकणारांनीं तिचा अर्थ असा घेतला कीं, गाभा मेलेला प्रत्येक दांत हा विषाचा सांठा होय. संधिवात झाला, काढा दांत. हृदय बिघडलें, काढा दांत. न्यू जर्सींतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयांत हेन्री कॉटन यांनीं तर वेडावर उपाय म्हणून रोग्यांचे दांत उपटले, आणि तेवढ्यानें गुण येईना तेव्हां पोटांतील आंतडीं कापलीं. आमच्या मतें हंटर यांच्यापेक्षां त्यांच्या उतावळ्या शिष्यांचा दोष येथें पुष्कळच मोठा आहे.

या उपटाउपटीस विरोध करणारांत न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे एक होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला. १८९९ सालीं केल्स यांनीं नळींत शिशाची तार घालून, किरणांच्या छायेवरून तिची लांबी मोजली. भरलेलें द्रव्य टोंकापर्यंत पोंचलें कीं नाहीं, हें त्यापूर्वीं कोणीं डोळ्यांनीं पाहिलेंच नव्हतें. पुढें याच छायाचित्रांत मुळाशीं काळा डाग दिसला कीं चिमटा हातीं घ्यावयाचा, अशी चाल पडली, आणि तिच्याविरुद्ध केल्स यांनीं उघड लेखणी उचलली. त्यांचा स्वतःचा हात मात्र किरणांनीं जळत होता. आधीं बोटें गेलीं, मग हात गेला, मग दंड. १९२८ सालीं त्या यातनांत त्यांनीं आपलें जीवन संपविलें. दहा वर्षांनीं, १९३८ सालीं, पूर्वीं या मताचे पुरस्कर्ते असलेल्या रसेल सेसिल यांनींच एका सहकाऱ्यासह संधिवाताच्या २०० रोग्यांचा हिशेब मांडून, दांत काढल्यानें गुण येत असल्याचा पुरावा सांपडत नाहीं, असें जाहीर केलें. काढलेले दांत अर्थात् परत आले नाहींत.

चांदीच्या कांड्यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. १९३० नंतर त्या प्रचारांत आल्या. वांकड्या नळींतहि सहज सरकत, आणि क्ष-किरणांत अशी शुभ्र रेषा दिसे कीं वैद्य व रोगी दोघेहि प्रसन्न होत. पण गोल कांडी चपट्या नळींत बसणार कशी? भोंवतीं फट राही, तींत ओल शिरे, चांदी गंजे, आणि तो गंज भोंवतालच्या पेशींस मारक असल्याचें १९७२ सालीं दाखविण्यांत आलें.

काय भरावें या प्रश्नाचें खरें उत्तर मात्र १९६५ सालीं उंदरांनीं दिलें. अमेरिकेंत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्‌झजेराल्ड यांनीं मुळींच जंतू नसलेल्या वातावरणांत वाढविलेल्या उंदरांचे दांत कोरून गाभा उघडा टाकला. त्यांत अन्नाचे कण अडकले, तरी गाभा जिवंत राहिला व जखमेवर नवें कठीण आवरण धरूं लागलें. साध्या उंदरांचा गाभा तशाच जखमेनें कुजून गेला. म्हणजे मुळांतून काय काढलें हा पहिला प्रश्न, काय भरलें हा दुसरा. भरणें हें साफ केलेल्या खोलीस कुलूप लावण्यासारखें आहे, आणि चोर आंत असतां लावलेलें सोन्याचें कुलूपहि व्यर्थ. बार्नम यांच्या रबरी पडद्याचें मोल येथें कळतें.

कुलूप तरीहि लागतेंच. आजच्या कांडींत प्रत्यक्ष गटापर्चा सुमारें पांचवा हिस्साच असतो. मोठा भाग झिंक ऑक्साइडचा, आणि बाकी मेण व क्ष-किरणांत दिसण्यासाठीं घातलेले क्षार. कांडी व भिंत यांमधील फट बुजविण्यास लेप लागतो, आणि लुई ग्रॉसमन यांच्या प्रसिद्ध लेपांत झिंक ऑक्साइड ज्या युजेनॉलमध्यें कालवितात तें लवंगेच्या तेलाचें मुख्य द्रव्य होय. १९९० नंतर कॅलिफोर्नियांत महमूद तोराबिनेजाद यांनीं इमारतींच्या पोर्टलंड सिमेंटच्याच जातीचें एक चूर्ण पुढें आणलें. तें ओलाव्यांतच घट्ट होतें, म्हणून मुळाचें फुटकें टोंक सांधण्यास त्याच्या तोडीचें पूर्वींचें द्रव्य नव्हतें. परंतु एकदां घट्ट झालें कीं तें काढतां काढतां वैद्य हैराण होतो. नळी पुनः उघडण्याचा प्रसंग कांहीं रोग्यांवर येतोच. म्हणून मुख्य नळींत अद्याप बहुधा गटापर्च्याची कांडीच घालतात, कारण ऊब दिली किंवा क्लोरोफॉर्मसारखें द्रावक लावलें कीं ती मऊ पडते आणि बाहेर काढतां येते.